व्हिएतनामवरचं नाटक लढाई चालू असतानाच झालं होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत टीव्ही आणि युद्ध यावर जो मोठा लेख आलाय तो मी दोनदा वाचला. लेख चांगला आहे, मेहनत घेतलेली दिसते, पण त्यात एक वाक्य आहे की अमेरिकन टीव्हीने व्हिएतनामला कथेत-नाटकात हात लावला तो सगळं संपल्यावर, तोपर्यंत फक्त बातम्याच. सगळीकडे असंच छापून येतं त्यामुळे लेख लिहिणाऱ्यांना दोष देत नाही, पण ते तसं नाहीये हो. २९ जानेवारी १९६७, रविवार, सीबीएस नेटवर्क. त्या रात्री दीड तासाचं एक नाटक दाखवलं, खास टीव्हीसाठी लिहिलेलं, नाव 'द फायनल वॉर ऑफ ऑली विंटर'. तेव्हा युद्ध संपायचं सोडाच, पुरतं भडकलं पण नव्हतं. १९६६ संपताना तिथे अमेरिकेचे ३ लाख ८५ हजारांच्या आसपास सैनिक होते आणि आणखी पाठवणं चालूच होतं. म्हणजे जे लोक घरी सोफ्यावर बसून हे नाटक बघत होते त्यातल्या कित्येकांचा पोरगा किंवा भाऊ त्या क्षणी तिकडेच होता.

मी काही या विषयातला अभ्यासक वगैरे नाही. हौशी नाटकवाला माणूस, अर्धं आयुष्य राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत लाइटच्या बोर्डावर गेलंय, त्यामुळे 'लढाईचं नाटक' म्हटलं की कान टवकारतात. का ते पुढे सांगतो.

आधी नाटक काय आहे ते सांगतो कारण इकडे कोणी पाहिलं असण्याची शक्यता कमीच. ऑली विंटर हा अमेरिकन आर्मीतला मास्टर सार्जंट, कृष्णवर्णीय. दुसरं महायुद्ध लढून झालंय, कोरिया लढून झालंय, आता ही तिसरी, आणि त्याने मनाशी ठरवून टाकलंय की बास, ही शेवटची, यापुढे लढाई नाही. साल घेतलंय १९६३, म्हणजे अजून अमेरिकेचे तिथे १६ हजारांच्या आसपासच लोक आणि तेही कागदोपत्री सल्लागार. याच्या तुकडीवर दबा धरून हल्ला होतो, हा त्यातून निसटतो आणि मग जंगलातून परत पोचायची धडपड. वाटेत एक व्हिएतनामी मुलगी भेटते. याला तिची भाषा येत नाही, तिला याची येत नाही, आणि तरी आता बरोबरच चालायचंय. बस, एवढंच नाटक. ना मोठी लढाई ना जनरल ना नकाशावर काठी फिरवणारे साहेब लोक. शेवट सांगत नाही, अर्धा तर नावातच आहे.

लिहिलं रोनाल्ड रिबमनने. हा ऑफ-ब्रॉडवेवरचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या छोट्या थिएटरांतला नाटककार, आदल्याच वर्षी त्याच्या एका नाटकाला तिथला ओबी पुरस्कार मिळाला होता आणि त्यात काम करणाऱ्या डस्टिन हॉफमन नावाच्या तरुणाला तेव्हा बाहेर कोणी ओळखतही नव्हतं. डायरेक्टर पॉल बोगार्ट. निर्माता फ्रेड को, म्हणजे ज्याने १९५० च्या दशकात लाइव्ह टीव्ही नाटकांचा जमाना अक्षरशः उभा केला तो माणूस. तो जमाना १९६० पर्यंत आटपला होता, सगळीकडे वेस्टर्न आणि कॉमेडी सीरियल आल्या, आणि मग सीबीएसने पुन्हा एकदा नवीन नाटकं लिहून घेऊन दाखवायची म्हणून 'सीबीएस प्लेहाऊस' सुरू केलं. ऑली विंटर त्यातलं पहिलंच नाटक! हे मला फार भारी वाटतं. नवीन दुकान थाटताना माणूस जरा सांभाळून माल मांडतो, यांनी पहिल्याच दिवशी व्हिएतनाम मांडलं.

ऑलीचं काम केलं आयव्हन डिक्सनने. आता गंमत बघा. त्याच वेळी, त्याच चॅनेलवर, हाच डिक्सन दर शुक्रवारी 'होगन्स हीरोज' मध्ये असायचा. ती जर्मन कैदी छावणीवरची कॉमेडी, जर्मन कमांडंट मठ्ठ, पहारेकरी आणखी मठ्ठ, आणि कैदी छावणीखाली भुयारं खणून मजा करतायत. डिक्सन त्यात किंचलो, रेडिओ सांभाळणारा, कानाला हेडफोन लावून भुयारात बसलेला, वाट्याला चार वाक्यं. शुक्रवारी लोक ज्याला बघून हसले तोच माणूस रविवारी त्याच देशाचा युनिफॉर्म अंगावर घेऊन व्हिएतनामच्या जंगलात. एका नटाच्या बाबतीत एवढा फरक दोन दिवसांत बघायला मिळणं म्हणजे काय असेल. दुसऱ्या महायुद्धाची लढाई टीव्हीवर विनोदाला चालत होती कारण ती जिंकून वीस वर्षं झाली होती, आणि बहुतेक सगळ्या लढाईच्या सीरियल तेव्हा दुसऱ्या महायुद्धावरच होत्या, तिथे चांगला कोण वाईट कोण हा प्रश्नच नव्हता. डिक्सनला ऑलीसाठी टीव्हीच्या एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं. बक्षीस पीटर उस्तिनोव्हला गेलं. मुलीचं काम करणाऱ्या टीना चेनलाही नामांकन होतं.

आता हे नाटक झालं कसं, कारण सीबीएस म्हणजे काही धाडसी लोकांचा अड्डा नव्हता. उलटच. याच चॅनेलचा जुना किस्सा आहे, एप्रिल १९५९ चा. न्यूरेंबर्ग खटल्यावरचं नाटक लाइव्ह चालू होतं, आणि स्पॉन्सर कोण, तर अमेरिकन गॅस असोसिएशन. नाझींनी माणसं मारली ती गॅसने, आणि इथे पैसे देणारे म्हणजे घरोघरी गॅस विकणारे. मग काय करावं, नटाच्या तोंडी 'गॅस' शब्द आला की आवाज बंद! ओठ हलतायत, ऐकू काही येत नाही, परत आवाज चालू. साठ लाख ज्यूंच्या विषयावर शेगडीवाल्यांची मर्जी सांभाळली. मी लाइटवाला असलो तरी साउंडवाल्या पोराच्या शेजारी बसून कितीतरी प्रयोग केलेत, त्यामुळे बटणावर बोट ठेवून त्या शब्दाची वाट बघत बसलेला तो माणूस माझ्या डोळ्यासमोर येतो. त्याला काय वाटलं असेल देव जाणे, नोकरी होती बिचाऱ्याची.

ऑली विंटरच्या वेळी स्पॉन्सर टेलिफोन कंपनी होती, जनरल टेलिफोन अँड इलेक्ट्रॉनिक्स, आणि मधे जाहिरातींचा माराही कमी ठेवला होता. नशीब म्हणायचं.

आणि बातम्यांच्या बाजूला काय चाललं होतं तेही बघा, म्हणजे कळेल की हवा कशी होती. ऑगस्ट १९६५ मध्ये सीबीएसच्याच मॉर्ली सेफरने काम ने नावाच्या गावातून रिपोर्ट पाठवला, अमेरिकन सैनिक लायटरने गवती छपरं पेटवतोय, म्हाताऱ्या बायका रडतायत. त्यावर प्रेसिडेंट जॉन्सनने सीबीएसच्या प्रेसिडेंटला फोन करून शिव्या घातल्या असं सांगतात. फेब्रुवारी १९६६ मध्ये सिनेटच्या कमिटीपुढे व्हिएतनामवर सुनावणी चालू होती, जॉर्ज केननसारखा जुना मुत्सद्दी साक्ष देत होता, आणि सीबीएसने ते लाइव्ह दाखवायचं सोडून 'आय लव्ह लूसी' चा जुना एपिसोड लावला. बातम्यांचा प्रमुख फ्रेड फ्रेंडली त्यावरून राजीनामा देऊन गेला. तो गेल्यावर वर्षभराच्या आत त्याच चॅनेलवर हे नाटक. आणि नाटकाच्या पुढच्याच रविवारी, ५ फेब्रुवारी १९६७ ला, त्याच चॅनेलवर स्मदर्स बंधूंचा कॉमेडी शो सुरू झाला. त्यात सप्टेंबरमध्ये लोकगायक पीट सीगर येऊन एक गाणं म्हणाला, नदीच्या गाळात फसत चाललेल्या पलटणीचं आणि 'चला पुढे' म्हणणाऱ्या मूर्ख ऑफिसरचं. ते कापलं! मग आरडाओरडा झाला, तेव्हा फेब्रुवारी १९६८ मध्ये परत बोलावून म्हणायला दिलं. पुढे १९६९ मध्ये तो शोच बंद केला.

म्हणजे गाणं कापणारे, साक्ष न दाखवणारे, शब्दाचा आवाज घालवणारे लोक हे. त्यांच्याकडून ऑली विंटर सुटलं कसं? माझं मत असं की रिबमनने ते वाद घालणारं नाटक लिहिलंच नाही. युद्ध बरोबर की चूक यावर कोणी भाषण ठोकलं असतं तर ते गेलंच असतं कात्रीखाली. त्याने एक दमलेला माणूस घेतला. दमलेल्या माणसाला सेन्सॉर काय करणार? त्याची निष्ठा काढता येत नाही, तीन लढाया केल्यात त्याने. तो पळपुटा नाही, कम्युनिस्ट नाही, केस वाढवलेला कॉलेजकुमार तर अजिबात नाही. आणि साल १९६३ ठेवून त्याने आणखी एक सोय केली, जॉन्सनचे बॉम्ब, ते लाखो सैनिक यातलं काही दाखवायलाच नको. बघणाऱ्याला मात्र पुढचं सगळं माहितीच आहे. ते नाटककाराने सांगायची गरजच नाही, प्रेक्षक घरून घेऊन येतो. आमच्याकडे स्पर्धेत परीक्षक नेहमी सांगतात की प्रेक्षकाला मूर्ख समजू नका, ते हेच.

काही लोक म्हणतील मग हे तर लबाडीचं धाडस झालं, उघड तर काही बोललंच नाही. असेल. पण उघड बोललेल्याचं काय होतं तेही त्याच काळात दिसतं. इंग्लंडात बीबीसीने १९६५ मध्ये पीटर वॉटकिन्सकडून 'द वॉर गेम' करून घेतला, ब्रिटनवर अणुबॉम्ब पडला तर काय होईल यावर, आणि बघून हादरून स्वतःच दाखवायचा नाही ठरवलं. थिएटरमध्ये लागला, ऑस्कर पण मिळालं, पण टीव्हीवर यायला १९८५ उजाडलं. वीस वर्षं! मला दोन्ही लागतात, पण ज्याला त्याच रात्री लोकांच्या घरात शिरायचंय त्याने रिबमनकडून शिकावं.

आता ऑली कृष्णवर्णीय असण्याबद्दल, कारण माझ्या मते नाटकाचं वजन तिथे आहे आणि पुरवणीतल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. ऑलीने पहिली लढाई केली तेव्हा अमेरिकन आर्मीत काळ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या, मेस वेगळी, बराकी वेगळ्या. ट्रूमनने हुकूम काढून ते बंद केलं १९४८ ला. म्हणजे हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढायला गेलेला माणूस स्वतःच्या सैन्यात वेगळ्या पंगतीला जेवत होता. नंतर व्हिएतनामच्या सुरुवातीच्या वर्षांत मरणाऱ्यांत काळ्या सैनिकांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या हिश्श्यापेक्षा बरंच जास्त होतं, हे तेव्हाच बोललं जायला लागलं होतं. तारखा लावून बघा, नाटक जानेवारी १९६७ चं. मार्टिन ल्यूथर किंग न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये उभं राहून या युद्धाविरुद्ध स्पष्ट बोलले ते ४ एप्रिलला. मोहम्मद अलीने ह्यूस्टनमध्ये भरती व्हायला नकार दिला २८ एप्रिलला. नाटक त्या दोघांच्या आधी. नाटकामुळे ते झालं असं मी मुळीच म्हणत नाही, तेवढा येडा नाही मी. पण तो प्रश्न हवेत आहे हे एका नाटककाराला कळलं आणि त्याने तो एका माणसाच्या अंगावर चढवून लोकांच्या हॉलमध्ये आणून उभा केला.

हे आपल्याकडच्या माणसाला समजायला जड जाऊ नये. आमचा सातारा जिल्हा, इथे अपशिंगे मिलिटरी आहे, पलीकडे कोल्हापुरात सैनिक टाकळी आहे, गावाच्या नावातच पलटण. अशा गावांतून पेन्शनीवर आलेले जे म्हातारे आम्ही लहानपणी पाहिले, त्यांच्यात इटलीत जर्मनांशी लढून आलेले होते, तेच मग ४७-४८ ला काश्मिरात, तेच ६२ ला आणि ६५ ला कुठे ना कुठे. पारावर बसून सगळं सांगायचे, इटलीतली थंडी सांगायचे, खेचरं सांगायचे, टिनातलं मांस सांगायचे, फक्त माणूस मारल्याचं काही सांगायचे नाहीत. विचारलं की तंबाखू मळायला घ्यायचे. ऑली विंटर म्हणजे हा माणूस. युद्धस्य कथा रम्या म्हणतात ना, ती रम्य कथा सांगणारे नेहमी न गेलेलेच असतात.

आणि वेगळ्या पंगतीचं म्हणाल तर महार रेजिमेंट आठवा. ज्यांना इंग्रजांनी मधल्या काळात भरतीच बंद केली होती त्यांची रेजिमेंट उभी राहिली ऑक्टोबर १९४१ मध्ये, बेळगावात, आणि त्यामागे बाबासाहेबांनी किती पाठपुरावा केला ते इथल्या वाचकांना सांगायला नको. लढाईत मरायचा हक्क सुद्धा मागून घ्यावा लागला, आणि लढून गावी परत आलेल्याला विहीर तीच वेगळी, पाणवठा तोच वेगळा. दोन देशांच्या गोष्टी एकास एक जुळत नाहीत हे कबूल, तिकडची गुलामगिरी आणि इकडची जात या वेगळ्या आहेत. पण १९७२ ला मुंबईत पोरांनी संघटना काढली तेव्हा नाव तिकडच्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथर ठेवलं, म्हणजे ज्यांना नातं दिसायचं त्यांना दिसतच होतं. असा एक तीन लढायांचा महार सुभेदार घेऊन कोणी टीव्हीसाठी दीड तासाचं नाटक केलंय का? माझ्या तरी बघण्यात नाही.

बरं, त्या वर्षी आपण काय करत होतो? टीव्ही तर मुंबईत सुद्धा नव्हता, तो आला २ ऑक्टोबर १९७२ ला. पण व्हिएतनाम आपल्या ताटात होतं, खरंच सांगतो. ६५-६६, ६६-६७ असे दुष्काळ लागोपाठ, आणि रेशनवर पीएल ४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या धान्य मदतीचा लाल गहू आणि मिलो. त्या गव्हाची पोळी रबरासारखी, गार झाली की दातांनी ओढून तोडायची, आई पीठ भिजवून दोन दोन तास ठेवायची तरी तेच. मिलोची भाकरी थापायला गेलं की कडा फाटायच्या, आजी तिला जनावरांची ज्वारी म्हणायची आणि चूक नव्हती तिची. १९६६ साली अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा साधारण पाचवा हिस्सा आपल्याकडे आला. आणि जॉन्सन तो सोडत होता हात आखडून, महिन्या-महिन्याच्या हिशोबाने, जहाज आलं की रेशन, नाही आलं की नाही. त्यात शेतीचं धोरण सुधारा हा एक मुद्दा होता, पण इंदिराबाई उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवा असं बोलल्या याचा रागही होता. रेशनच्या लाइनीत पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आमच्यासारख्या पोरांना काय माहिती की दुकानदार 'माल आला नाही' म्हणतो त्याची एक दोरी हनोईपर्यंत जाते. म्हणून मला ते नाटक परक्याचं वाटत नाही.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो, पत्र लांबलंय याची कल्पना आहे, हवं तिथे कापा. (गॅससारखं नको.)

आपल्याकडे लढाईवर नाटक-सीरियल म्हटलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं, 'आत्ता नको, वातावरण गरम आहे, जवानांचं मनोधैर्य, नंतर बघू.' आणि नंतर म्हणजे जिंकल्यावर, आणि मग ज्याला त्याला विजयच दाखवायचा असतो. कारगिलनंतर स्पर्धेत जी नाटकं आली त्यातल्या काहींना मी स्वतः लाइट केलेत. पहिल्या अंकात आईचं पत्र, दुसऱ्यात लाल जिलेटिन, डिमर वरखाली, विंगेत पोरं पत्रा हलवतायत, लवंगीची माळ लावलेली, धूर इतका की नटाला ठसका लागून शहीद होतानाचं वाक्यच ऐकू येत नाही, आणि शेवटी तिरंग्यावर फुल्ल स्पॉट. टाळ्या व्हायच्याच, तिरंग्याला कोण टाळ्या वाजवणार नाही. त्या नाटकांना नावं ठेवत नाही, मनापासून केलेली होती. पण त्यातला जवान कधी दमायचा नाही. त्याला कधी झोप यायची नाही, कधी पायाला फोड यायचे नाहीत, कधी असं वाटायचं नाही की आता पुरे, घरी जाऊन म्हैस घ्यावी. समोरच्या बाजूच्या माणसाला तर तोंडच नसायचं, तो नुसता पडायचा.

आणि बातम्यांची चॅनेल? गेल्या वर्षी, मे २०२५ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. स्टुडिओत सायरन, अँकरच्या मागे ग्राफिक्सची विमानं, कराची बंदर उद्ध्वस्त, अमुक शहर घेतलं, तमुक पडलं, आणि सकाळी उठून बघितलं तर त्यातलं बरंचसं खोटं. शेवटी सरकारला सांगावं लागलं की बाबांनो सिव्हिल डिफेन्सच्या सायरनचे आवाज कार्यक्रमात वाजवू नका, खरा वाजला तर लोकांना कळणार नाही. सरहद्दीवर पोरगा असलेल्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते आमच्या आळीत बघितलंय मी. त्याच्या आईने टीव्हीची वायरच काढून ठेवली होती आणि ती मोबाइल हातात धरून ओट्यावर बसायची, रेंज तिथे बरी येते म्हणून. तिच्यासाठी त्या चार दिवसांत कुठल्याही चॅनेलवर एक शब्द नव्हता. म्हणजे नाटक करायला वातावरण गरम असतं पण तमाशा करायला नसतं, असं कसं काय?

ऑली विंटर दाखवल्यावर काय आभाळ कोसळलं? काही नाही. सैन्याचं मनोधैर्य खचलं नाही, चॅनेल बुडालं नाही, टेलिफोन कंपनीचे फोन वाजत राहिले. प्लेहाऊस १९७० पर्यंत चाललं. आणि हेही खरं सांगायला पाहिजे की युद्धसुद्धा थांबलं नाही. वर्षभराने टेटचा हल्ला, म्हणजे व्हिएतनामी कम्युनिस्टांची मोठी चढाई झाली, मग सीबीएसचाच बातम्या सांगणारा वॉल्टर क्रॉन्काइट टीव्हीवर बोलला की ही कोंडी फुटणार नाही, आणि त्यानंतरही पाच वर्षं अमेरिकन पोरं मरत राहिली. एकूण ५८ हजारांच्या वर. व्हिएतनामी किती ते लाखांत मोजतात. नाटकाने युद्ध थांबतं असं ज्याला वाटतं त्याने नाटकच करू नये.

वाईट एवढंच वाटतं की एवढं नामांकन-बिमांकन मिळून सुद्धा ते पुढे रेटलं नाही कोणी. नंतर १९६८ ला हॉलिवूडचा हीरो जॉन वेनचा व्हिएतनामवरचा सिनेमा आला पेंटॅगॉनच्या, म्हणजे तिकडच्या संरक्षण खात्याच्या मदतीने, त्यात सगळं परत जोशात. टीव्हीवाल्यांनी मग कोरियाच्या आडून व्हिएतनाम दाखवायला सुरुवात केली ती 'मॅश' या सीरियलमधून, ती इतकी चालली की तीन वर्षांचं कोरियन युद्ध टीव्हीवर अकरा वर्षं पुरलं. मॅश मला पण आवडते, पण आडून बोलणं ते आडूनच. व्हिएतनामला व्हिएतनाम म्हणणारं नाटक आधी होऊन गेलं होतं आणि लोक ते विसरून पण गेले, इतके की आपल्या पुरवणीत 'नव्हतंच' असं छापून आलं.

तर संपादक साहेब, विनंती दोन आहेत. एक म्हणजे तेवढी दुरुस्ती छापा, चार ओळींची चालेल, पण आतल्या पानावर वधूवरांच्या जाहिरातीखाली नको. आणि दुसरी, तुमच्याच ग्रुपचं मराठी चॅनेल आहे असं ऐकून आहे, तिथे कोणाशी बोलणं होत असेल तर सांगा की सासू-सुनांच्या मधल्या एखाद्या रविवारी दीड तास मोकळा करून द्या. लिहिणारी पोरं आमच्याकडे आहेत, स्पर्धेत दरवर्षी दिसतात, स्वतःच्या खिशातून सेट लावतात. दोन नट आणि एक जंगल, खर्च काय तो. लाइट मी फुकट करतो.

अजून एक राहिलंच, त्या लेखातल्या चौकटीत 'मॅश' सुरू झाल्याचं साल १९७५ दिलंय, ते १९७२ पाहिजे, सप्टेंबर. आपल्या मुंबई दूरदर्शनच्या जरा आधी.

आपला,
एक नियमित वाचक (आणि लाइटवाला),
कोरेगाव, जि. सातारा